डबा भरतो सकाळी, उघडतो दुपारी

एका बाबांचं पत्र आलंय. त्यांच्या बायकोची नोकरीमुळे वर्षभरासाठी दुसऱ्या गावी बदली झालीये, घरी ते आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी असे दोघंच. स्वयंपाक त्यांना येतो पण रोजचा डबा करायची वेळ आधी कधी आली नव्हती. आता पहाटे साडेपाचला उठून दोन डबे करतात आणि सातला डबे भरून दोघं बाहेर पडतात. मुलीची जेवणाची सुट्टी साडेअकराला, यांची दीडला. गेले दोन महिने मुलीचा डबा अर्धा परत येतोय, कधी कधी पाऊण. त्यांनी हौसेने चार कप्प्यांचा, क्लिपवाला नवीन डबा आणला, व्हिडिओ बघून रोज नवीन काहीतरी केलं, तरी तेच. मागच्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "आईचा डबा असा नसायचा." स्वतःसाठी ते वजन कमी करायचं म्हणून नुसतं सॅलड नेतात आणि चार वाजता भूक आवरत नाही म्हणून चिप्स-बिस्किटं खातात. त्यांनी लिहिलंय, "मला महिन्याभराची यादी द्या, रोज वेगळा पदार्थ. आणि खरं सांगा, माझ्या हाताला चवच नाहीये का?"

प्रिय बाबा,

यादी मी देणार नाहीये, आणि टाळाटाळ म्हणून नाही. तुम्ही दोन महिने रोज नवीन पदार्थ केलात, म्हणजे जवळपास चाळीस प्रकार झाले असतील, आणि त्यातला एकही संपला नाही. एखादा पदार्थ आवडला नाही तर पदार्थ चुकला म्हणता येतं, पण चाळीसच्या चाळीस परत आले तर गडबड पदार्थात नाहीये, दुसरीकडे कुठेतरी आहे. मी अजून तीस नावं दिली तर तुमची झोप आणखी अर्धा तास कमी होईल, बाकी काही बदलणार नाही.

तुमच्या पत्रात पहाटे साडेपाच ते सात या वेळाबद्दल खूप काही आहे, काय चिरलं, काय परतलं, काय जमलं नाही. पण साडेअकराला नक्की काय होतं याबद्दल एक ओळ नाही. ती कुठे बसून जेवते? सुट्टी किती मिनिटांची असते? शेजारी कोण असतं? डबा उघडल्यावर आत काय अवस्था असते? आपण सगळेच असं करतो बरं का, डबा भरताना तो जसा दिसतो तसाच तो खाल्ला जाणार असं धरून चालतो. मधे साडेचार तास जातात. त्या साडेचार तासांत तो डबा आडवा होतो, हलतो, गार होतो, घामेजतो, आणि मग पोरगी तो उघडते.

तर पहिली गोष्ट आणि ही अगदी मनापासून विचारतेय: तो नवीन क्लिपवाला डबा तिला स्वतःला उघडता येतो का? माझ्या भाचीचा डबा असाच तीन-चार आठवडे भरलेला परत यायचा. घरात सगळ्यांनी तिला रागावून झालं, पदार्थ बदलून झाले. मग एकदा सहज तिच्या हातात बंद डबा दिला आणि उघड म्हटलं तर बोटं लाल होईपर्यंत ओढत बसली आणि उघडलाच नाही. गरम जेवण भरून झाकण लगेच घट्ट लावलं की आतली हवा आणि वाफ गार होताना आकसते आणि झाकण आत ओढलं जातं, मोठ्या माणसालाही मग ते उघडायला जोर लागतो. दर वेळी मोठ्या माणसांकडे जाऊन उघडून मागायची तिला लाज वाटायची. कोणाला सांगितलंही नव्हतं. आज संध्याकाळी डबा भरून, बंद करून, तुमच्या मुलीच्या हातात द्या आणि घड्याळ लावा. पाण्याची बाटली पण. उघडत नसेल तर जुना साधा डबा परत काढा, चार कप्पे नसले तरी चालतील.

दुसरं, सुट्टीचा वेळ. शाळेच्या सुट्टीतून हात धुणं, बसायला जागा मिळवणं, डबा काढणं आणि शेवटी खेळायला पळणं हे सगळं वजा केलं तर खायला दहा-पंधरा मिनिटं उरतात, त्यात गप्पा. एवढ्या वेळात नऊ वर्षांचं मूल जेवढं खाईल तेवढाच डबा द्यायचा. सोलावं लागतं, काटे काढावे लागतात, फार चावावं लागतं असं काही नको. संत्रं आवडत असलं तरी सोलून फोडी दिल्यात तर खाल्लं जाईल, अख्खं दिलंत तर परत येईल. सफरचंद चिरून द्यायचं तर फोडी चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवून, निथळून, लिंबू चोळून घट्ट बंद करा, काळपट पडत नाहीत. तो रंग हवेमुळे येतो, खराब झालं म्हणून नाही, पण मुलांना ते कसं पटवणार. (ज्यांची मुलं पाचच्या आतली आहेत त्यांच्यासाठी एक सूचना, द्राक्षं कधीही अख्खी देऊ नका, उभी चिरून द्या, घशात अडकतात. अख्खे शेंगदाणे पण नकोत.)

आता "आईचा डबा असा नसायचा" हे वाक्य. हे तुम्हाला फार लागलंय, पत्रात दोनदा आलंय. तुम्ही त्याचा अर्थ लावलात की चव नाही. मला ते वाक्य वाचून वाटलं की तिला आईची आठवण येतेय, आणि नऊ वर्षांच्या मुलीला दिवसभरात ती आठवण सगळ्यात जास्त कधी येणार तर डबा उघडल्यावरच, कारण घरचं असं तिच्याबरोबर शाळेत फक्त तेवढंच असतं. तुम्ही आईपेक्षा चांगला डबा करायला गेलात, रोज नवीन, रंगीत, आणि तिला कदाचित त्याच त्या जुन्या डब्यातलं तेच ते हवं होतं. हा माझा अंदाज आहे, मी चुकतही असेन. पण विचारून बघा ना. "काय आवडलं नाही" असं नाही विचारायचं, ते विचारलं की मुलं "काही नाही" म्हणतात आणि विषय संपतो. असं विचारा की आई डबा द्यायची तेव्हा तो उघडल्यावर काय काय असायचं, मला सांग, मला माहीतच नाही. आणि ती सांगेल तेव्हा मधे बोलू नका. शक्य असेल तर आईला फोन लावून तिघं मिळून ठरवा. एखादी बारीकशी गोष्ट निघेल बघा, पोळीचे तुकडे करून द्यायची किंवा भाजीत कांदा मोठा नसायचा किंवा डब्याबरोबर छोटा रुमाल असायचा असलं काहीतरी.

आणि हाताला चव नाही का या प्रश्नाचं उत्तर. घरी गरम जेवताना ती नीट जेवते असं तुम्हीच लिहिलंय, मग हाताला चव आहे. पण गार झालेल्या जेवणाची चव जिभेला खरंच कमी लागते. गोडी तर नक्कीच कमी जाणवते आणि वास उडत नाही म्हणून मसालाही बसका वाटतो. सकाळी सात वाजता कढईतून चाखून तुम्ही मीठ बरोबर म्हणता, तोच पदार्थ साडेअकराला मिळमिळीत असतो. म्हणून गार खायच्या पदार्थाला जरा ठळक चव लागते, मीठ वाढवायच्या ऐवजी लिंबू, थोडं आंबट, भाजलेल्या बिया, कोथिंबीर, लसूण असं काहीतरी. तूप-लोणी गार झालं की थिजतं आणि तोंडाला चिकटतं, त्यापेक्षा तेलातली भाजी डब्यात बरी लागते.

ओलावा हा दुसरा शत्रू. काकडी-टोमॅटोला मीठ लावलं की पाणी सुटतं, मीठ पाणी बाहेर खेचतंच, त्यामुळे चिरून कोरडं द्या आणि मीठ-मसाला कागदाच्या पुडीत वेगळा, मुलांना ते भुरभुरवायला आवडतं पण. सँडविच करायचं तर लोणी किंवा चीज ब्रेडच्या अगदी कडेपर्यंत लावा, तो थर पाणी अडवतो, आणि टोमॅटो सॅलडच्या पानांच्या मधे ठेवा नाहीतर वेगळा द्या. पोळी गरमागरम डब्यात कोंडली तर वाफ झाकणाला लागून परत तिच्यावरच ठिबकते, म्हणून जाळीवर किंवा कापडावर दोन मिनिटं वाफ जाऊ द्यायची आणि मग गुंडाळायची. पीठ दुधात किंवा थोड्या दह्यात मळलं की ती जास्त वेळ मऊ राहते. आणि पोळी, ब्रेड फ्रीजमधे ठेवू नका, फ्रीजच्या थंडाव्यात त्यातला स्टार्च पटकन कडक होतो, बाहेर किंवा एकदम फ्रीझरमधे.

आता जरा गंभीर मुद्दा, आणि इथे मी आग्रह धरणार आहे. तुम्ही लिहिलंय की रात्रीचा भात सकाळी "जरासा कोमट करून" देता. हे प्लीज बंद करा. डब्यात सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे कोमट. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात आणि शिजवलेलं ओलसर अन्न त्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असं सांगितलं जातं, बाहेर 32 अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. मुलीचा डबा साडेचार तास तिथेच असतो, आणि तुमचा स्वतःचा साडेसहा. भाताचं तर आणखी वेगळं आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर नुसता ठेवला की ते जागे होतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे "परत गरम केला की झालं" हे भाताला लागू नाही. रात्री उरलेला भात ताटात पातळ पसरून तासाभरात गार करून फ्रीजमधे, आणि दुसऱ्या दिवशीच संपवायचा.

मग द्यायचं कसं? एकतर खरंच गरम, नाहीतर खरंच गार. गरम द्यायचं असेल तर रुंद तोंडाचा थर्मास आणा, उकळतं पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटं ठेवा, पाणी ओतून टाका आणि वाफाळतं जेवण गच्च भरा. ही दहा मिनिटं सगळे वगळतात आणि मग थर्मासला नावं ठेवतात, थंडगार स्टील भरलेल्या जेवणातली उष्णता आधी स्वतः पिऊन घेतं हो. अर्धा भरलेला थर्मासही लवकर गार होतो. गार द्यायचं असेल तर रात्रीच भरून फ्रीजमधे ठेवा आणि सकाळी इन्सुलेटेड पिशवीत डब्याच्या वर आणि खाली एकेक बर्फाचा पॅक घाला, किंवा छोटी पाण्याची बाटली गोठवून ठेवा, दुपारपर्यंत ती प्यायलाही होते. अंडं, चिकन, दही, पनीर, शिजवलेली कडधान्यं, भात, पास्ता हे सगळं या दोनपैकी एका रस्त्याने जायला हवं. ब्रेड, कोरडी पोळी, अख्खी फळं, भाजलेल्या बिया यांना एवढी काळजी नाही. डब्याच्या झाकणातली रबरी रिंग काढून रोज धुवा, वास तिथेच राहतो, मला कित्येक वर्षं हे माहीतच नव्हतं.

रोज नवीन पदार्थ हवा हे कोणी ठरवलं? मुलांचं उलट असतं, अनोळखी गोष्ट आवडायला तीच गोष्ट आठ-दहा वेळा, काहींना पंधरा वेळाही समोर यावी लागते, आणि तुम्ही तर एकेकदाच देऊन दुसऱ्या दिवशी पुढे गेलात, तिला ओळख व्हायला वेळच मिळाला नाही. शाळेच्या गडबडीत, आई लांब असताना, डब्यात ओळखीचं असणं हाच आधार असतो. तीन-चार ठरलेले डबे आलटून पालटून द्या आणि त्यात एकच गोष्ट बदला, भाजी तीच पण चटणी वेगळी, भात तोच पण वरून मटकीऐवजी अंडं. नवीन काही द्यायचंच असेल तर ते आधी घरी, संध्याकाळच्या जेवणात, निवांत. डब्यात नवीन पदार्थ आला आणि आवडला नाही तर तिच्याकडे दुसरं काहीच नसतं, ती उपाशी राहते.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी एक विभागणी सांगितलीये जी मला फार उपयोगी वाटते: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, आणि किती खायचं, मुळात खायचं की नाही, हे मुलाने. डब्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की परत आलेला डबा हा गुन्ह्याचा पुरावा नाही. तुम्ही संध्याकाळी डबा उघडून बघता आणि तुमचा चेहरा पडतो, ते तिला दिसतं. काही मुलं मग चेहरा पडू नये म्हणून डबा कचऱ्याच्या डब्यात रिकामा करून आणतात आणि तेव्हा खरी पंचाईत होते, कारण तुम्हाला काहीच कळत नाही. अर्धा परत आलेला डबा म्हणजे ती तुमच्याशी खरं बोलतेय. काय उरलं ते आठवडाभर नुसतं लिहून ठेवा, न बोलता. रोज एकच कप्पा उरतो का, ओलं उरतं का, तळाचं उरतं का. आणि हो, ती दमलेली दिसत असेल, वजन उतरत असेल, घरीही खात नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, तो डब्याचा विषय राहत नाही.

आता तुमचा डबा, कारण मुलीच्या नादात तुम्ही स्वतःचं दोन ओळींत उरकलंय. नुसती पानं, काकडी आणि वर लिंबू, हे जेवण नाहीये. चार वाजता मोह आवरत नाही यात तुमची इच्छाशक्ती कमी पडत नाहीये, तुम्ही खरोखर उपाशी आहात. 1995 साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 पदार्थ घेऊन, प्रत्येकाचे सारख्याच कॅलरींचे वाटे खायला देऊन, पुढचे दोन तास लोकांना पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं. पांढऱ्या ब्रेडला 100 धरलं तर उकडलेल्या बटाट्याला 323 आले आणि क्रोसाँला 47. कॅलरी सारख्या, आणि फरक जवळपास सातपट! ज्या पदार्थांत पाणी, फायबर, प्रोटीन जास्त ते पोट धरून ठेवतात, ज्यात फॅट जास्त ते त्या मानाने कमी. आणि बटाट्याला उगीच वजनाच्या नावाखाली बाजूला टाकतात लोक.

तर सॅलड ठेवा की, पण त्याच्या बुडाशी काहीतरी वजनदार हवं. अर्ध्या डब्यात भाज्या-फळं, पाव भागात धान्य किंवा बटाटा, पाव भागात प्रोटीन असा ढोबळ हिशोब बरा पडतो. म्हणजे वाटीभर शिजवलेले छोले किंवा दोन उकडलेली अंडी, उकडलेला बटाटा किंवा भात, आणि वर तुमची ती सगळी काकडी-पानं. तेल-लिंबाचं मिश्रण डब्याच्या तळाशी घाला आणि पानं सगळ्यात वर, म्हणजे खाण्याआधी हलवलं की झालं, नाहीतर दीड वाजेपर्यंत पानांचा लगदा होतो. आणि एक छोटी डबी चार वाजताची, मुद्दाम, ठरवून, मूठभर शेंगदाणे आणि एक फळ. दीडला जेवून रात्री साडेआठला परत जेवायचं तर मधे भूक लागणारच, ती लागू नये अशी अपेक्षाच चुकीची आहे. तुम्ही आत्ता त्या भुकेला रोज अचानक आल्यासारखं वागवता आणि मग जे हाताला लागेल ते खाता.

साडेपाचला उठणं पण बंद करू या. रविवारी एक तास काढा, एक मोठं भांडं कडधान्य शिजवा, एक ट्रे भाज्या ओव्हनमधे किंवा तव्यावर भाजून घ्या, चार-सहा अंडी उकडा, सालासकट फ्रीजमधे आठवडाभर राहतात. शिजवलेलं कडधान्य फ्रीजमधे तीन-चार दिवस, त्यापुढचं लगेच फ्रीझरमधे, छोट्या पिशव्यांत चपटं करून म्हणजे पटकन सुटतं. आणि रात्रीचा स्वयंपाक करतानाच दोन वाटे जास्त करा, जेवायला बसायच्या आधी डब्याचा वाटा बाजूला काढून ठेवा, नंतर काढू म्हटलं की उरत नाही. सकाळी मग फक्त गरम करणं, भरणं आणि फळ चिरणं एवढंच, पंचवीस मिनिटांत होतं. फळ तिला चिरू दे, नऊ वर्षांच्या मुलीला लहान सुरी धरता येते, तुम्ही शेजारी उभे राहा. स्वतः भरलेल्या डब्यात काय आहे हे तिला माहीत असतं, झाकण उघडताना धाकधूक नसते.

हे सगळं एकदम करू नका, नाकी नऊ येतील. आज संध्याकाळी झाकणाचं बघा. या रविवारी मात्र एक गोष्ट कराच: सकाळी सातला नेहमीसारखे दोन डबे भरा, तिचा दप्तरात, तुमचा बॅगेत, बर्फाच्या पॅकसकट, आणि साडेअकराला दोघं जमिनीवर बसून ते उघडा. तिचा तुम्ही खा आणि तुमचा तिला चाखायला द्या. दोन महिन्यांत तुम्ही तिचा डबा ती खाते त्या वेळेला, त्या अवस्थेत एकदाही खाल्लेला नाहीये. पंधरा मिनिटांचा गजर लावा. ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा, आणि आईच्या डब्यात काय असायचं तेही.